खालून बघायचं कापड

तुमच्या कपाटातलं सगळ्यात देखणं कापड डोळ्यांसमोर आणा. ते ज्यानं केलं त्याचं नाव तुम्हाला सांगता येईल? दुकानाचं नको, दुकानाचं नाव पिशवीवर सुद्धा असतं. करणाऱ्याचं सांगा.

नाही ना येत? मलाही येत नव्हतं. एका बाईनं मला ते शिकवलं, आणि तेही मी तिला शिकवायला गेलो होतो तेव्हा.

सोलापुरात, शुक्रवार पेठेत आमच्या बोळाच्या टोकाला एक जिना आहे. पायऱ्या इतक्या उभ्या की चढताना गुडघा हनुवटीला लागतो. नळाला पाणी वेळेवर यावं म्हणून काढलेली पत्रकं वाटत मी तो जिना पहिल्यांदा चढलो. दार उघडं होतं. आत एक लाकडी खाट होती. तिची नवार काढून टाकलेली आणि त्या रिकाम्या चौकटीवर काचेसारखं आरपार दिसणारं कापड ताणून टाचण्यांनी बसवलेलं. कापडावर जांभळी फुलं. आणि खाटेखालून बाहेर आलेले दोन पाय.

मी घाबरून "कोण पडलंय का?" असं ओरडलो.

"पडलं न्हाय, झोपलंय," खालून आवाज आला. "आधी तो पंखा बंद कर. कुणी लावला रे पंखा? कापड हलतंय की!"

पंखा मीच लावला होता. बाई बेशुद्ध पडली असेल तर वारा लागावा म्हणून. मी बंद केला. थोड्या वेळानं खाटेखालून पासष्टीच्या बाई सरपटत बाहेर आल्या. हातात मेंदीचा कोन होता. पण त्यात मेंदी नव्हती, डिंक होता. चष्म्याच्या एका काचेवर डिंकाचा थेंब चिकटला होता, त्यामुळे त्या मला एकाच डोळ्यानं बघत होत्या.

"काय आणलंस?"

"पत्रक."

"परचा व्हय? ठेव तितं. जुना झाला की कामाला येईल."

ही शमीमखालांची, शमीममावशींची म्हणा, आणि माझी ओळख. त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावानं, सिद्राम म्हणून, क्वचितच हाक मारली. मी त्यांचा परचेवाला झालो.

सोलापूर हे जाड कापडाचं गाव. चादर, टॉवेल, सतरंजी. आमच्याकडं कापड चांगलं की वाईट ते हातात घेऊन वजनावर ठरवतात. अशा गावात ही बाई ऑर्गेंझा रंगवायची. ओढण्या, पडदे, दिव्याच्या शेड. फुंकर मारली तर उडून जाईल असं कापड. त्यांचे यजमान हयातभर चादरीच्या मागावर काम करून गेले. त्यांच्याबद्दल खाला फार बोलत नसत, पण चादरीबद्दल मात्र बोलत. "चादरीत काय बी लपतं बघ. गाठ लपते, तुटका धागा लपतो, माणूस रुसून झोपला तर तो बी लपतो. ह्या कापडात काय लपत न्हाय. म्हणून मला आवडतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनी ते मला निदान पन्नास वेळा ऐकवलं, आणि पन्नास वेळा त्या मला फसवत होत्या.

त्यांचं काम बघत बसणं हा माझा छंद झाला. आधी कोनातून डिंकाची बारीक रेघ मारायची, म्हणजे रंग रेघेपलीकडं पळत नाही. मग पाण्यासारखा पातळ रंग सोडायचा. रंग ओला असतानाच चिमूटभर मीठ टाकायचं. मीठ रंग ओढून घेतं आणि पाकळीवर आपोआप चांदण्या उमटतात. हे मीठ स्वयंपाकघरातलंच. त्यामुळं घरातल्या आमटीचं नशीब ओढण्यांच्या मागणीवर ठरायचं. त्यांची नात सना, तेव्हा कॉलेजात जाणारी, ताटावर बसली की आधी विचारायची, "नानी, आज फुलं केली का पानं?" फुलं केली असली तर आमटी अळणी.

फुलं खाटेवर, काठ फरशीवर, असा त्यांचा नेम. काठ रंगवताना कापडाखाली वर्तमानपत्र अंथरायचं, म्हणजे जास्तीचा रंग कागद पितो. पण वर्तमानपत्र जुनं लागे. निदान महिन्याचं. "ताजी बातमी कापडाला चालत न्हाय," खाला म्हणत. "शाई अंगाला लागते. बातमी शिळी झाली, तिचं भांडण मिटलं, की मग अंथरायची."

आणि काम संपलं की खाटेखाली झोपून ते बघायचं. हा तर फर्जच. मला सुद्धा झोपवायच्या. "वरून काय बघतोस? वरून सगळेच छान दिसतात. कापड खालून बघायचं."

खालून बघताना मी त्यांच्या प्रत्येक कापडावर एक गोष्ट टिपली होती. कुठल्यातरी एका पानावर दवाचे पाच थेंब असत. तीन वर, दोन खाली. पानाच्या शिराही जरा वेड्यावाकड्या. मी मोठ्या रसिकतेनं म्हणालो, "खाला, हे दव काय सुंदर आहे!"

"दव हाय व्हय ते?" त्या म्हणाल्या. "बरं. दव म्हण."

आता माझं दुखणं सांगतो. खालांचं सगळं काम जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या एका बुटीकमध्ये जायचं. तिथल्या मॅडम महिन्यातून दोनदा स्कूटरवर येत, ओढण्या घेऊन जात आणि त्यांच्यावर स्वतःच्या नावाची सोनेरी पट्टी शिवत. मोबाइलवर फोटो टाकत आणि खाली लिहीत, 'आमची निर्मिती'. मॅडम दुष्ट नव्हत्या. खालांशी गोड बोलत, ठरलेलं वेळेवर देत. पण आमची निर्मिती! मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, क्लायंटला ब्रँड लागतो. मावशींचं नाव कुणाला माहितीये?" मी म्हणालो, "तुम्ही टाकलं तर होईल की." त्या हसल्या आणि स्कूटरला किक मारून गेल्या.

मी ज्या घरात वाढलो तिथं खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. माझे वडील, आबा, गिरणीत होते तेव्हापासून ती लिहीत. त्यांचा एकच नियम होता: मजकूर कितीही कडक असू दे, खाली आपलं नाव पाहिजे. "नाव नसलं तर ते पत्रक नव्हे," आबा म्हणत, "ती भिंतीवरची शिवी." त्यामुळं निनावी वस्तू बघितली की माझं डोकं फिरतं. आणि इथं तर नाव होतं, पण भलत्याचं.

"खाला, ओढणीवर तुमचं नाव टाका."

"नवरी माझं नाव घालून मांडवात बसणार व्हय?"

"मॅडमचं घालून बसतेच ना!"

"ते पट्टीवर. पट्टी टोचती म्हणून पोरी कापून टाकतात," खाला म्हणाल्या. "तू चहा पी."

"हा तुमच्या हक्काचा प्रश्न आहे."

"हौ. आणि चहा थंड व्हायचा प्रश्न हाय. आधी कुठला मोठा?"

असं वर्षभर चाललं. शेवटी मी त्यांना न विचारता माझ्या परीनं लढाई सुरू केली. एक पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'हे फूल कोणाचं?' मजकुरात कारागिराचा घाम, बाजाराचं कारस्थान, सगळं आलं. बुटीकच्या दारात ते वाटायचं ठरवलं. दोनशे प्रती छापून आणल्या आणि खालांना दिसू नयेत म्हणून अगदी हुशारीनं त्यांच्याच जिन्याखाली, माझ्या जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर गेलो तर खाला कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. एका नवरीची ओढणी तयार होत आली होती. फिकट गुलाबी, मोजकी फुलं, बाकी सगळी मोकळी जागा. लग्न परवावर होतं. मॅडम संध्याकाळी न्यायला येणार होत्या. फक्त काठ उरला होता, आणि सनानं आवराआवर करताना घरातली सगळी रद्दी देऊन टाकली होती.

"आता खाली काय अंथरू? माझा पदर?"

"थांबा की," मी म्हणालो. "माझ्याकडं ढीग आहे."

"जुना हाय का?"

"पाण्याच्या मोर्चाचा. चार महिने झाले."

"मग मुरला असंल. आण."

मी जिन्याखाली गेलो. तिथं अंधार होता. गठ्ठा उचलला, वर आणला आणि मदतीच्या उत्साहात स्वतःच फरशीवर कागद ओळीनं अंथरले. नऊ कागद, छापील बाजू वर. सनानं आणि मी ओढणी त्यांच्यावर पसरली. खाला चष्मा पुसत आल्या, कापडाकडं बघत बसल्या आणि काठावर ब्रशनं पाणी फिरवू लागल्या. गुलाबीतून कागदावरची अक्षरं दिसत होती, पण अक्षरं तर वर्तमानपत्राचीही दिसतात. कुणी वाचली नाहीत. मी तर नाहीच. स्वतःचं लिहिलेलं कोण पुन्हा वाचतो?

काठ संपला. ओढणी उचलून खाटेवर ताणली. सनाकडून शिंकेसारखा आवाज आला. बघतो तर ती तोंडावर हात दाबून हसत होती.

बारीक मजकूर उमटला नव्हता. ठळक अक्षरांची शाई मात्र ताजी होती, ती सगळी कापडानं प्यायली होती. नवरीच्या ओढणीच्या काठावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नऊ वेळा: हे फूल कोणाचं? आणि त्याच्या खाली, नऊ वेळा, ठसठशीत: सिद्राम.

नवऱ्या मुलाचं नाव रोहित होतं.

"या अल्ला," खाला हळूच म्हणाल्या. मग खाली वाकून फरशीवरचा एक कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मराठी त्या सावकाश वाचत, पण एकही अक्षर सोडत नसत. मी भिंतीला टेकून उभा होतो. वाचून झालं तसं त्यांनी कागदाची घडी घातली.

"माझ्यासाठी लिहिलंस?"

"हो."

"मला विचारलंस?"

मी फरशीवरचे बाकीचे कागद गोळा करू लागलो.

"बरं, ते राहू दे. लई चांगलं लिहिलंस. डोळ्यात पाणी येतं. फकत एक सांग, ह्याच्यात माझं नाव कुटं हाय?"

मी कागद घेऊन बघितला. कारागीर होता, घाम होता, बोटं होती, हक्क तर चार ठिकाणी होता. शमीम कुठंही नव्हतं. अख्ख्या पत्रकात माणसाचं नाव एकच होतं. तेच आता नवरीच्या काठावर नऊ वेळा बसलं होतं.

मी म्हणालो, "धुऊन निघेल?"

"छापखान्याची शाई? ती तुझ्या आबानं बी निघायची न्हाय." त्यांनी पदर खोचला. "सना, गडद हिरवा काढ. काळपट कर. आणि तू, परचेवाल्या, शर्ट काढून ठेव आणि खाटेखाली जा."

कारण असं की, त्या कापडाला पाठ नसते. वरून पान रंगवून अक्षर झाकलं तरी खालून ते दिसणारच. म्हणून दोन्ही बाजूंनी रंग द्यायचा होता, तोही एकाच वेळी, ओल्यात ओला. नाहीतर कडेला डाग पडतो. वरून खाला, खालून मी. ब्रश हातात धरायची माझी ही पहिलीच वेळ.

"माझा ब्रश दिसतो का?"

"दिसतो."

"त्याच्याच खाली तुझा ठेव. मी सरकले की सरक. पुढं जाऊ नको. पुढारी होऊ नको."

उताणं पडून आढ्याकडं तोंड करून रंगवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा डोळ्यात, तिसरा तोंडात. तोंडात पडला कारण मी त्याच वेळी श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल काहीतरी बोलत होतो. "तोंड मिट," वरून आवाज आला. सना शेजारी बसून पुसायला फडकं देत होती आणि मधूनमधून मोबाइलवर माझे फोटो काढत होती.

मथळ्यावर वेल चढली. 'सि' वर एक पान आलं. 'द्रा' वर दोन. 'म' वर एक कळी. कापडाच्या पलीकडं खालांचं बोट दिसत होतं, धुक्यातल्यासारखं, आणि माझ्या ब्रशच्या टोकाला त्यांच्या ब्रशचं टोक अगदी लागून. मधे काही नव्हतंच म्हणा. माझं नाव माझ्याच हातानं मी नऊ वेळा बुजवलं. चौथ्यांदा बुजवताना राग आला होता. सातव्यांदा हसू आलं. नवव्यांदा मी अक्षर बघतच नव्हतो, फक्त तो पलीकडचा ब्रश बघत होतो.

शेवटचं एक पान रिकामं राहिलं. मी ब्रश नेला तसा वरून चापटीचा आवाज आला. त्यांनी खाटेच्या दांडीवर हात आपटला होता. "त्याला हात लावू नको. ते माझं. नीघ बाहेर." मी बाहेर आलो, त्या कोन घेऊन खाली गेल्या. त्यांचे दोन पाय बाहेर. मी या वेळी पंखा लावला नाही.

संध्याकाळी मॅडम आल्या. ओढणी बघितली. फिकट गुलाबीला आता काळपट हिरव्या दाट वेलीचा काठ होता.

"मावशी, आपलं असं ठरलं नव्हतं हं."

"नवरी पयल्यांदा परक्या घरात चालली," खाला म्हणाल्या. "तिला वाईच सावली नको?"

मॅडमनी काठावरून बोट फिरवलं. मग त्यांनी ओढणी घडी करून छातीशी धरली. "असा काठ अजून चार करून द्याल?" आणि मग माझ्याकडं बघून, "ह्यांना काय झालंय? कावीळ?"

"न्हाय, हिरवी झालीय," खाला म्हणाल्या.

त्या काठाला बुटीकमध्ये एक लांबलचक नाव मिळालं. घरात मात्र त्याला शेवटपर्यंत सिद्रामबेल म्हणत, बेल म्हणजे वेल. "सना, आज सिद्रामबेल हाय, मीठ नको लागायचं." उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा खालांनी मला परत दिला नाही. महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवला आणि मग एकेक करून काठाखाली अंथरला. "आता मुरली," असं म्हणायच्या. मी बुटीकसमोर काही वाटलं नाही. ज्याच्यासाठी लढायचं त्याला आधी विचारायचं, एवढं साधं कलम आबांच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

तरी अधूनमधून मी विचारत राहिलो. आता विचारत होतो, एवढाच फरक. "खाला, नाव टाकायचं का?" आणि त्या हसून म्हणत, "ज्याला बघायचं तो बघतो रे."

मागच्या थंडीत खाला गेल्या. चार दिवस खोकला, पाचव्या दिवशी संपलं. जायच्या आदल्या आठवड्यात सुद्धा एक पडदा खाटेवर होता. चाळिसावा दिवस झाल्यावर सनानं मला बोलावलं. "नानीनं तुमच्यासाठी ठेवलाय," ती म्हणाली. "म्हणाली होती, परचेवाल्याच्या खिडकीला लाव. त्याला बाहेरचं लई दिसतं, वाईच कमी दिसू दे."

पडदा अजून खाटेवरच ताणलेला होता. सिद्रामबेल. मी सवयीनं खाली जाऊन झोपलो. दुपारचं ऊन कापडातून येत होतं. एका पानावर दवाचे पाच थेंब. मी म्हणालो, "सना, इतकी कापडं केली गं त्यांनी, आणि एकावरही नाव नाही."

सनाही येऊन शेजारी आडवी झाली आणि वर बोट केलं.

"दादा, तुम्हाला उर्दू वाचता येत नाही होय?"

तिनं पानाच्या शिरेवरून उजवीकडून डावीकडं बोट फिरवलं. "ही शीन, म्हणजे श. हे तीन थेंब तिचे. ही मीम. ही ये, हे दोन खालचे तिचे. आणि ही परत मीम."

शमीम.

वरून बघितलं तर उलट्या, वेड्यावाकड्या शिरा. खालून बघितलं तर सरळ नाव. म्हणून शेवटचं पान त्यांचं. म्हणून डिंकाचा कोन, डिंकाच्या रेघेवर रंग चढत नाही. पहिल्या दिवशी मी पंखा लावून हलवली ती त्यांची सही होती. मॅडमच्या सोनेरी पट्ट्या टोचतात म्हणून पोरींनी कापून टाकल्या असतील. पण हे नाव कापडातच रंगाला नकार देऊन बसलं होतं. ते कुणाला काढता येणार नव्हतं. आणि मी, नावासाठी भांडणारा, कितीतरी वर्षं त्याच्याकडं तोंड करून झोपलो होतो आणि त्याला दव म्हणत होतो. मला देवनागरीत न लिहिलेलं नाव नावच वाटलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

सना हसू लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "मी विचारलं होतं. नानी म्हणाली, नक्को सांगू. बिचाऱ्याची लढाई संपली तर करील काय दिवसभर?"

हे सगळं लिहायच्या आधी मी सनाला विचारलं, "त्यांचं नाव टाकू का?"

"टाका," ती म्हणाली. "ह्या वेळी तरी तिचंच टाका."

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. तुमच्या घरी, किंवा तुमच्या बहिणीच्या, भाचीच्या कपाटात सोलापुरातून घेतलेली हातानं रंगवलेली आरपार ओढणी असेल, तर ती आज बाहेर काढा. दुपारच्या उन्हात दोघींनी दोन टोकं धरा आणि तिसऱ्यानं खाली झोपा. लाजू नका, मी झोपलोय. पंखा बंद ठेवा. ज्या पानावर तीन थेंब वर आणि दोन खाली आहेत ते पान शोधा. वाचता आलं नाही, तर शेजारच्या घरातून वाचता येणाऱ्या कुणालातरी बोलावून आणा आणि शेजारी झोपवा. मग ते नाव एकदा, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, मोठ्यानं वाचा.